चाळणीची भोके कोणाच्या मापाची?

एखादी संहिता एका भाषेतून दुसऱ्या भाषेत, एका समाजातून दुसऱ्या समाजात गेली की तिच्या अर्थाचे काय होते, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांना नवा नाही. कविता, नाटक, कादंबरी यांच्या संदर्भात आपण तो वर्षानुवर्षे चर्चिला आहे. प्रस्तुत लेखात हाच प्रश्न आम्ही अशा एका संहितेला विचारू इच्छितो, जिची गणना कोणीही वाङ्मयात करणार नाही. ती अगदी छोटी आहे. तिला लेखक आहेत, तिची असंख्य भाषांतरे झाली आहेत, तिच्या स्वामित्वहक्कावरून वाद झाले आहेत; आणि तिच्यासमोर बसलेला माणूस तिच्या कसोटीला उतरला नाही, तर एका दुर्धर रोगाचा संशय त्याच्या माथी येतो. ही संहिता म्हणजे स्मृतिभ्रंशाची शक्यता तपासणारी 'मिनी-मेंटल स्टेट एक्झामिनेशन' ही प्रश्नावली.

अशा प्रश्नावलीला वैद्यक चाळणी म्हणते. चाळणी रोगाचे निदान करीत नाही. पुढे कोणाची कसून तपासणी करायची आणि कोणाला घरी पाठवायचे, एवढेच ती ठरवते. चाळणीची मात्र आधी परीक्षा घ्यावी लागते. ही परीक्षा कशी घेतली गेली, तिच्यात कोण नापास झाले आणि त्याचे खापर कोणावर फुटले, हा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास वाचनाच्या आणि भाषांतराच्या इतिहासाहून फार वेगळा नाही, असे आम्हांस वाटते.

१

१९७५ साली मार्शल फोल्स्टाइन, सूझन फोल्स्टाइन आणि पॉल मॅकह्यू या तीन मनोविकारतज्ज्ञांनी एका वैद्यकीय नियतकालिकात ही प्रश्नावली प्रसिद्ध केली. रुग्णाच्या खाटेशी बसून पाच-दहा मिनिटांत त्याच्या बुद्धीचा अंदाज घेता यावा, एवढाच तिचा हेतू होता. एकूण गुण तीस. आजची तारीख, वार, महिना, ऋतू आणि साल कोणते. आपण कुठे आहोत. तीन वस्तूंची नावे ऐकून लगेच आणि थोड्या वेळाने पुन्हा सांगा. शंभरातून सात-सात वजा करीत जा. कागदावर लिहिलेली आज्ञा वाचून तसे करा. मनाने एक वाक्य लिहा. एकमेकांत गुंतलेल्या दोन पंचकोनांची आकृती पाहून काढा. असे तिचे स्वरूप.

मूळ अभ्यासात २०६ रुग्ण आणि ६३ निरोगी व्यक्ती होत्या. स्मृतिभ्रंश झालेले रुग्ण आणि निरोगी माणसे यांच्या गुणांत स्पष्ट अंतर दिसले. पुढे चोवीस ही सीमारेषा रूढ झाली: तेवीस किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर संशय घ्यावा. प्रश्नावली सोपी, बिनखर्चाची आणि खिशात मावणारी असल्यामुळे ती जगभर पसरली. खाटेशी बसलेल्या वैद्याच्या सोयीसाठी लिहिलेली ही संहिता पाहता पाहता गावेच्या गावे चाळण्यासाठी वापरली जाऊ लागली. हे स्थलांतर लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण पुढचा सगळा पेच त्यातूनच उभा राहिला.

२

चाळणी अचूक आहे, म्हणजे नेमके काय? या प्रश्नाला आजची परिभाषा मिळाली ती क्षयरोगाच्या संदर्भात. १९४७ साली अमेरिकेतील संख्याशास्त्रज्ञ जेकब येरुशाल्मी यांनी छातीच्या क्ष-किरण चित्रांच्या वाचनाची तपासणी करताना दोन मापे मांडली. खरोखर आजारी असलेल्यांपैकी किती जणांना चाचणी पकडते, हे पहिले माप. त्याला आपण संवेदनक्षमता म्हणू. खरोखर निरोगी असलेल्यांपैकी किती जणांना ती निरोगी म्हणून सोडून देते, हे दुसरे; त्याला विशिष्टता म्हणू. पहिले माप कमी पडले की खोटे नकार वाढतात, दुसरे कमी पडले की खोटे होकार.

त्या काळातील क्ष-किरण चित्रांच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट उघडकीस आली होती. तेच चित्र दोन तज्ज्ञ वाचक वेगवेगळे वाचत होते. एवढेच नव्हे, तर एकच वाचक तेच चित्र काही काळाने पुन्हा वाचताना स्वतःशीच असहमत होत होता. काव्यवाचनाच्या संदर्भात हे आपण सहज मान्य करतो. फुप्फुसाच्या चित्राबाबत ते मान्य करणे वैद्यकाला जड गेले असणार.

या दोन मापांत एक मेख आहे. आजारी कोण आणि निरोगी कोण, हे आधीच ठाऊक असल्याशिवाय ती काढता येत नाहीत. म्हणजे चाचणीला तपासणारा, तिच्याहून विश्वासार्ह असा दुसरा कोणी हवा. क्षयरोगात थुंकीतील जंतू ही साक्ष देऊ शकत होते. स्मृतिभ्रंशात जिवंतपणी अशी साक्ष दीर्घकाळ उपलब्धच नव्हती. त्यामुळे प्रमाण मानले गेले ते अनुभवी तज्ज्ञाचे मत. आणि तो तज्ज्ञही प्रश्न विचारून, उत्तरे ऐकून, घरच्यांशी बोलूनच मत बनवीत होता. एका वाचनाची शहानिशा दुसऱ्या, अधिक सावकाश केलेल्या वाचनाने करायची, असा हा व्यवहार आहे.

३

१९८२ साली जेम्स अँथनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात ही शहानिशा केली. सामान्य वैद्यकीय कक्षातील ९७ रुग्णांना प्रश्नावली दिली गेली आणि मनोविकारतज्ज्ञाने त्यांची स्वतंत्र तपासणी केली. प्रश्नावलीची संवेदनक्षमता ८७ टक्के निघाली, विशिष्टता ८२ टक्के. आकडे उत्तम वाटतात. परंतु प्रश्नावलीने ज्यांच्यावर बोट ठेवले, त्यांतले ३९ टक्के लोक निरोगी होते. आणि हे खोटे ठरलेले होकार कोणाचे होते? त्यांतील प्रत्येकाचे शालेय शिक्षण नऊ वर्षांहून कमी झालेले होते.

येथे थोडे गणित अपरिहार्य आहे. रुग्णालयातील त्या कक्षात सुमारे चौथा हिस्सा रुग्ण खरोखरच भ्रमित किंवा स्मृतिभ्रंशग्रस्त होते. हीच प्रश्नावली, हीच मापे घेऊन आपण एका गावातील हजार वृद्धांकडे गेलो, आणि त्यांत पन्नास जण आजारी आहेत असे धरले, तर काय होईल? पन्नासांपैकी सुमारे ४४ सापडतील. उरलेल्या ९५० निरोगी माणसांतले १७१ जणही चाळणीत अडकतील. म्हणजे बोट ठेवलेल्या २१५ जणांपैकी दर पाचांत चार निरोगी. प्रश्नावलीतले अक्षरही बदललेले नाही; बदलली ती फक्त समोरची माणसे. शिवाय रुग्णालयातील रुग्णांवर काढलेली संवेदनक्षमता आणि विशिष्टता हीदेखील गावात तशीच टिकेल, असे नाही. रॅन्सॉफ आणि फाइन्स्टाइन यांनी १९७८ सालीच बजावले होते की, ठळक आजारी आणि ठणठणीत निरोगी अशा दोन टोकांवर पारखलेली चाचणी मधल्या धूसर माणसांसमोर आली की तिचे तेज उतरते.

शिक्षणाचा मुद्दा पुढे मोठ्या प्रमाणावर सिद्ध झाला. १९९३ साली रोझा क्रम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १८,०५६ प्रौढांचे गुण प्रसिद्ध केले. नऊ किंवा अधिक वर्षे शाळेत गेलेल्यांचा मध्यक २९ होता; पाच ते आठ वर्षे गेलेल्यांचा २६; आणि चार वर्षांपर्यंत किंवा मुळीच न गेलेल्यांचा २२. सीमारेषा चोवीसची आहे, हे आठवावे. म्हणजे फारशी शाळा न पाहिलेल्या गटातील निम्म्याहून अधिक माणसे, केवळ या रेषेवर बोट ठेवायचे तर, संशयित ठरत होती. चाळणी विसरभोळेपण मोजत होती की शाळेचे दप्तर, हा प्रश्न आता टाळण्याजोगा राहिला नाही.

४

प्रश्नावली अमेरिकेबाहेर पडली, तेव्हा हा पेच अधिक गडद झाला. १९८०च्या दशकात रॉबर्ट कॅट्झमन आणि त्यांच्या चिनी सहकाऱ्यांनी शांघाय शहरात पाच हजारांहून अधिक वृद्धांची पाहणी केली. तेथील अनेक वृद्धांनी, विशेषतः स्त्रियांनी, शाळा पाहिलेलीच नव्हती. संशोधकांनी तोडगा काढला तो सीमारेषाच तीन करण्याचा: शाळेत न गेलेल्यांसाठी एक, प्राथमिक शिक्षण झालेल्यांसाठी दुसरी आणि त्यापुढच्यांसाठी तिसरी. म्हणजे संहिता बहुतांशी तीच राहिली. बदलली ती गुण देणाऱ्याची अपेक्षा.

भारतात यापुढचे पाऊल पडले. दिल्लीजवळ, हरियाणातील बल्लभगढ परिसरातल्या खेड्यांत १९९०च्या दशकात एक भारत-अमेरिका संयुक्त अभ्यास झाला. विजय चंद्रा आणि पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मेरी गांगुली ही त्यातील प्रमुख नावे. ५५ वर्षांवरील ५,१२६ व्यक्तींची पाहणी झाली, त्यांतील ७३.३ टक्के निरक्षर होत्या. येथे लिहिलेली आज्ञा वाचून डोळे मिटा, असे सांगणे व्यर्थ होते. तेव्हा परीक्षकाने स्वतः डोळे मिटायचे आणि समोरच्याने त्याचे अनुकरण करायचे, असा बदल झाला. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगा, असे म्हटले गेले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या या हिंदी आवृत्तीला आम्ही भाषांतर म्हणणार नाही. ते रूपांतर आहे. आणि रूपांतरकाराला मूळ शब्दाशी नव्हे, तर शब्दामागच्या कार्याशी इमान राखावे लागते, हे तिच्यावरून स्पष्ट दिसते.

एका वाक्याचे उदाहरण पुरेसे आहे. मूळ प्रश्नावलीत 'नो इफ्स, अँड्स ऑर बट्स' हे शब्द ऐकून जसेच्या तसे म्हणायचे असतात. त्याचा अर्थ महत्त्वाचा नाही. क्रियापद नसलेली, नुसत्या जोडशब्दांची ती मोळी जिभेला आणि स्मृतीला अवघड जाते, म्हणूनच ती निवडलेली आहे. मराठीत 'जर-तर नाही, पण-परंतु नाही' असे कोणी भाषांतर केले, तर अर्थ येईल. पण आपल्याकडे अशा जोड्या बोलण्याच्या ओघात इतक्या सहज येतात की अडचण नाहीशी होईल. अर्थ राखला आणि कार्य गमावले, असे भाषांतराचे हे नमुनेदार अपयश ठरेल.

हाच विचार इतर प्रश्नांना लावून पाहावा. शंभरातून सात वजा करण्याऐवजी 'वर्ल्ड' या शब्दाची अक्षरे उलट क्रमाने सांगण्याचा पर्याय इंग्रजीत दिला जातो. मराठीत 'जग' उलटे केले, तर 'गज' होते. पाच पायऱ्यांची कसरत दोन अक्षरांत संपते आणि वर एक अर्थपूर्ण शब्द हाती येतो. जोडाक्षर घ्यावे, तर ते कुठे तोडायचे यावर पंडितांचेही एकमत होणार नाही. आज तारीख काय, या प्रश्नाला एखाद्या आजीबाईंनी 'वद्य एकादशी' असे अचूक उत्तर दिले, तर तिला काळाचे भान आहे की नाही? ऋतू चार समजायचे, शास्त्रातले सहा की शेतकऱ्याचे तीन? पंचकोन काढताना ज्या हातात पेन्सिल थरथरते, तोच हात अंगणात ठिपके जोडून रांगोळी काढत आलेला असतो. विसाच्या हिशेबाने बाजार केलेल्या माणसाला शंभरातून सात वजा करण्याची सवय नसते, पण मोड मोजण्यात तो चुकत नाही. या प्रत्येक ठिकाणी उत्तरपत्रिकेवर शून्य पडू शकते, आणि ते शून्य मेंदूचे नसते.

हे केवळ शब्दच्छल नव्हे. १९५१च्या जनगणनेत भारतातील स्त्रियांची साक्षरता नऊ टक्क्यांच्याही आत होती. त्या वेळी शाळेत जाण्याच्या वयात असलेल्या मुली आज ऐंशीच्या आसपास आहेत. म्हणजे नेमक्या त्या वयात, जेथे स्मृतिभ्रंशाची भीती सर्वांत अधिक. त्यांच्या बाबतीत खोटा होकार म्हणजे घरातल्या व्यवहारातून, सहीच्या अधिकारातून, स्वतःच्या शब्दाच्या किमतीतून उठणे. 'साठी बुद्धी नाठी' म्हणायला समाज टपलेलाच असतो; चाळणी त्याला आकड्याचे प्रमाणपत्र देते.

५

येथवरची कथा सरळ आहे: परकी चाळणी निरक्षरांवर अन्याय करीत होती, रूपांतराने तो दूर केला. परंतु इतिहास येथे थांबत नाही, आणि आमच्या मते त्याचा खरा धडा पुढेच आहे.

बल्लभगढच्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ साली प्रसिद्ध झाले. ६५ वर्षांवरील लोकांत सर्व प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अवघे १.३६ टक्के निघाले. त्या वेळी जगात कोठेही नोंदले गेलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी ते एक होते. २००१ सालच्या दुसऱ्या निबंधात अल्झायमर रोगाच्या नव्या रुग्णांची तुलना आली: वयाची रचना समान धरली असता दर हजार व्यक्ति-वर्षांमागे बल्लभगढला ४.७, तर अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियाच्या मोनोंगहेला खोऱ्यात १७.५. भारतीय खेड्याला या रोगापासून काही संरक्षण आहे काय, अशी चर्चा सुरू झाली. आहार, अनुवंश, कमी आयुर्मान अशी कारणे पुढे आली.

याच सुमारास, १९९८ साली कोचीन येथे भरलेल्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेत '१०/६६' या नावाचा संशोधक-गट स्थापन झाला. स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत, आणि लोकसंख्येवर आधारित संशोधनातले दहा टक्क्यांहून कमी त्यांच्याविषयी. असा त्या नावाचा अर्थ. मार्टिन प्रिन्स यांच्या नेतृत्वाखालील या गटाने रुग्णाच्या उत्तरांना घरच्यांच्या साक्षीची जोड देणारी पद्धत घडवली. तिच्यातला एक घटक कॅथलीन हॉल आणि ह्यू हेंड्री यांनी कॅनडातील क्री या आदिवासी समाजात काम करताना तयार केलेला होता. २००३ साली २५ केंद्रांतील २,८८५ वृद्धांवर तिची पारख झाली. ९४ टक्के रुग्ण सापडले. अल्पशिक्षितांतले खोटे होकार केवळ ६ टक्के, उच्चशिक्षितांतले ३ टक्के. शिक्षणाची दरी जवळजवळ बुजली. मात्र विषादाने ग्रासलेल्यांत खोटे होकार १५ टक्के राहिले.

मग २००८ साली याच गटाने एक चक्रावणारी गोष्ट मांडली. अमेरिकन मनोविकार-संहितेच्या रूढ निकषांनी पाहिले, तर भारतातील त्यांच्या ग्रामीण केंद्रात स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ०.३ टक्के होते. त्यांच्या स्वतःच्या पद्धतीने पाहिले, तर एकाही केंद्रात ते ५.६ टक्क्यांच्या खाली नव्हते. माणसे तीच आणि पाहणीही तीच. तरी दोन वाचनांत कितीतरी पटींचे अंतर.

हे अंतर कोठून आले? रूढ निकषांनुसार निदानासाठी आठवण क्षीण होणे पुरत नाही. त्यामुळे रोजच्या व्यवहारात अडचण आली पाहिजे, आणि ती अडचण घरच्यांनी सांगितली पाहिजे. आता आपल्या खेड्यातील एकत्र घर डोळ्यांसमोर आणावे. सासूबाईंनी चूल केव्हाच सुनेच्या हाती दिलेली असते. पैशांचा हिशेब मुलाकडे असतो. त्यांना एकटीने बाजारात जायचे नसते, औषधाची वेळ लक्षात ठेवायची नसते. व्यवहारच उरला नसेल, तर त्यात बिघाड कसा दिसणार? वर विसरणे हे म्हातारपणाचे लक्षणच मानले जाते, मग घरचे त्याची तक्रार तरी का करतील? घराची माया रोग झाकून टाकते. बल्लभगढच्या संशोधकांनी ही अडचण ओळखून ग्रामीण जीवनाला साजेशी दैनंदिन कामांची वेगळी मोजपट्टीही तयार केली होती. तरीही तेथील कमी आकड्यात खरे संरक्षण किती आणि झाकलेला रोग किती, याचा निवाडा सोपा नाही. पुढे भारतभरातील ४,०९६ वृद्धांच्या सखोल तपासणीवरून २०२३ साली जो अंदाज प्रसिद्ध झाला, त्यात ६० वर्षांवरील लोकांत हे प्रमाण ७.४ टक्के आहे. वयोगट, पद्धत आणि काळ वेगळे असल्यामुळे दोन्ही आकडे सरळ शेजारी ठेवता येत नाहीत. पण रोग भारतात दुर्मीळ आहे, हा समज मात्र आता टिकत नाही.

म्हणजे चाळणी दोन्ही बाजूंनी चुकू शकते. शाळेचा अभाव निरोगी माणसाला आजारी दाखवतो, आणि घराची रचना आजारी माणसाला निरोगी. त्यात तिसरी गुंतागुंत अशी की, अल्प शिक्षण हा स्मृतिभ्रंशाचा स्वतंत्र धोकाही मानला जातो. मग अल्पशिक्षितांसाठी सीमारेषा खाली आणावी, तर अन्याय दूर होता होता खरा धोकाही पुसला जाण्याची भीती आहे.

६

त्यानंतर नवी साधने आली. २००५ साली कॅनडातील झियाद नसरेद्दीन यांनी मॉन्ट्रियलची चाचणी प्रसिद्ध केली. सौम्य दोष पकडण्यात ती जुन्या प्रश्नावलीहून कितीतरी सरस ठरली. बारा किंवा कमी वर्षे शिकलेल्यांना तीत एक गुण अधिक मिळतो. जी कधीच शाळेत गेली नाही ती आणि जी बारावी झाली ती, दोघींना सारखाच एक गुण! ही त्रुटी ओळखून निरक्षरांसाठी वेगळी आवृत्ती पुढे करावी लागली. जुनी प्रश्नावली एकविसाव्या शतकाच्या आरंभापासून सशुल्क झाली. मॉन्ट्रियलच्या चाचणीसाठीही पुढे सशुल्क प्रशिक्षणाची अट आली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने स्वतःचा चाचणीसंच घडवला, त्याची पारख २०२० साली प्रसिद्ध झाली; त्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम होत्या. मराठी त्यांत नव्हती.

२०२५ साली अल्झायमर रोगाच्या निदानाला साहाय्य करणाऱ्या एका रक्तचाचणीला अमेरिकेत मान्यता मिळाली. आता प्रश्नावलींची गरज संपली, असे काहींना वाटेल. पण ती चाचणी लक्षणे दिसू लागलेल्यांसाठी आहे. आणि लक्षणे आहेत की नाहीत, हे अजूनही कोणीतरी कोणालातरी कोणत्यातरी भाषेत विचारूनच ठरवावे लागते. रक्ताला शाळा लागत नाही, हे खरे. रक्त देण्यापर्यंत पोचायला मात्र संभाषण लागते.

या इतिहासातून आम्ही एकच निष्कर्ष काढतो. अचूकता हा चाचणीच्या अंगचा गुण नाही. ती चाचणी आणि तिच्यासमोरचा माणूस यांच्यातले नाते आहे. म्हणून 'ही चाचणी ८७ टक्के अचूक आहे' हे विधान अपुरे आहे. कोणाच्या बाबतीत, कोणत्या भाषेत, कोणाच्या साक्षीने, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. संहितेचा अर्थ वाचकावाचून पुरा होत नाही, हे आपण वर्गात शिकवतो. त्याच न्यायाने मराठीतील चाचणीच्या रचनेत वैद्य आणि संख्याशास्त्रज्ञ यांच्या बरोबरीने भाषेच्या अभ्यासकाने बसायला हवे. कोणते वाक्य जिभेला अवघड, कोणती तीन नावे मावळात आणि मराठवाड्यात सारखीच ओळखीची, कोणत्या प्रश्नाला तिथीत दिलेले उत्तर बरोबर धरायचे, हे ठरवणे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे. ते आपण केले नाही, तर दुसरे कोणी भाषांतर करून टाकील, आणि त्यातल्या चुकीचे शून्य एखाद्या आजीबाईंच्या नावावर पडेल.